ताठ मानेला वळसा

प्रिय रेवा आणि नील,

तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं असेल की आजीचं पित्ताशय काढलं आणि आजी बरी आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मधलं सगळं तिने गाळलं असणार. तिला ते तुकड्या-तुकड्यांनी फोनवर कळत होतं, आणि एडमंटनला बसून फोनवर असलं काही ऐकलं की माणूस घाबरतोच. मी मात्र तिथेच होते, बराच वेळ चांगली जागी होते, आणि त्या जागं राहण्याचा मला आज अभिमान वाटतो. म्हणून सगळं नीट क्रमाने लिहून ठेवते आहे. तुमच्याकडच्या किंवा इकडच्या कुणावर कधी अशी वेळ आली तर उपयोगी पडेल.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, आणि खरं तर मलाही. शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी, नोकरीतले सगळे कागद इंग्रजी. पण मी घाबरले ती मराठीत घाबरले, त्यामुळे लिहितेही मराठीत. अडलेले शब्द रविवारच्या आपल्या वाचनाच्या तासाला विचारा.

पोपटी

थंडीत इथे पनवेलकडे शेतावर पोपटी लावतात. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, भांबुर्डीचा पाला दाबून तोंड बंद करायचं, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. आमच्या विचुंब्याच्या इमारतीतल्या म्हात्र्यांनी आम्हाला त्यांच्या शेतावर बोलावलं होतं. मी मोजकंच खाते हे तुम्हाला ठाऊक आहे, पण त्या दिवशी शेंगा सोलत गप्पा मारता मारता जास्त झालं.

घरी आल्यावर उजव्या बरगडीखाली कळ आली आणि खांद्यापर्यंत चढली. मला वाटलं गॅस असेल. आजोबांनी ओवा दिला, मग हिंग दिला, मग गाडी काढली. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि पित्ताशय सुजलेलं दिसलं. औषधांनी सूज उतरली. सर्जन म्हणाले, आता शांत आहे तोवर काढून टाकू, पुन्हा चिघळलं तर आत पू होईल, आणि तुमच्या वयाला ते झेपणार नाही. दुर्बिणीतून छोटं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी. मी लगेच हो म्हटलं, आणि घरी येऊन बॅग भरली. टूथब्रश, चष्म्याची पेटी, दोन गाऊन, वाचायला पुस्तक.

झालं का?

ते ऑपरेशन एका लहान नर्सिंग होममध्ये ठरलं होतं. आदल्या दिवशी भुलीचे डॉक्टर येऊन भेटले. वयस्क, सौम्य गृहस्थ. त्यांनी रक्तदाब विचारला, गोळ्या विचारल्या, तोंड उघडायला सांगितलं. मग विचारलं, मानेचा काही त्रास?

मी म्हटलं, अजिबात नाही.

आणि ते खरंच होतं. माझी मान कधी दुखली नाही. मी पलंगावर पाठ सरळ ठेवून बसले होते, जशी नेहमी बसते. माझ्याकडे बघून कुणाला मानेची शंका आलीच नसती.

सकाळी आत नेलं. दिवा दिसला, कुणीतरी म्हणालं छान झोप लागेल, आणि झोप लागली. जाग आली तेव्हा घसा सोलवटल्यासारखा झाला होता आणि खालचा ओठ जाड लागत होता. मी आधी हात पोटावर नेला. पट्टी नव्हती. आजोबा शेजारी बसले होते, हाताची घडी घालून, आणि तुम्हाला माहीत आहे की तुमचे आजोबा कधी हाताची घडी घालून बसत नाहीत.

"झालं?" मी विचारलं.

"नाही झालं," ते म्हणाले.

थोड्या वेळाने भुलीचे डॉक्टर आले आणि स्टूल ओढून बसले. त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला कळेल असं सांगते. अशा ऑपरेशनला पूर्ण भूल देतात. त्यात शरीर इतकं सैल पडतं की माणूस आपला आपण श्वास घेत नाही. तो श्वास यंत्राने द्यायचा, आणि त्यासाठी तोंडातून श्वासनलिकेत एक नळी घालायची. नळी घालताना डॉक्टर जीभ बाजूला करून आत बघतात. बहुतेक माणसांत झोपवल्यावर मान थोडी मागे केली की रस्ता दिसतो. माझी मान मागे गेलीच नाही.

"दोनदा बघितलं, काकू. मला जिभेपलीकडे काही दिसेना. तिसऱ्यांदा हट्ट केला नाही. मास्कने ऑक्सिजन देत ठेवला आणि तुम्हाला उठवलं."

ते हे सांगताना माझ्याकडे न बघता माझ्या ओठाकडे बघत होते. मला तेव्हा फार राग आला होता, कुणावर ते कळत नव्हतं. आज मला तो माणूस मोठा वाटतो. सगळी तयारी झालेली, सर्जन हातमोजे घालून उभे, बाहेर नातेवाईक, आणि हा माणूस म्हणतो, थांबू या. आमच्या शिपिंगच्या ऑफिसात असा एक माणूस असता तर कितीतरी माल वाचला असता.

माझ्या फाइलवर त्यांनी लाल शाईत दोन शब्द लिहिले होते. डिफिकल्ट एअरवे. घरी येताना आजोबा गाडी चालवत होते. पुलाखाली सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "तुझ्यापुढे कुणीतरी माघार घेतली, याचं मला पहिल्यांदाच हसू आलं नाही."

छतावरचा पंखा

आता पोटात ते सुजकं पित्ताशय तसंच, आणि ऑपरेशनचा रस्ता बंद. पुन्हा दुखायला लागलं तर आत पू व्हायची भीती होतीच. त्याच डॉक्टरांनी आम्हाला महामार्गाजवळच्या मोठ्या रुग्णालयातल्या डॉ. नाझनीन यांच्याकडे पाठवलं. भुलीच्या डॉक्टर, पनवेलच्याच, चाळिशीच्या आसपासच्या. बोलणं मराठी, मध्ये मध्ये "बिल्कूल" आणि "इत्मीनानाने".

त्यांनी फाइल वाचली, बाजूला ठेवली आणि मला म्हणाल्या, "काकू, छताला पंखा कुठल्या रंगाचा आहे?"

मी मागे रेलून बघितलं आणि म्हटलं, चॉकलेटी.

"कंबर नका वाकवू. पाठ खुर्चीला लावून बसा. फक्त मान."

मी पाठ लावली. मान उचलली. मला भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं. त्याच्या वर काही दिसेना. मी पुन्हा जोर केला, आणि पुन्हा कॅलेंडरच.

त्या क्षणी मला एकेक गोष्ट आठवत गेली. दिवाळीत आकाशकंदील लावला की मी गेटपर्यंत मागे जाते. मला वाटायचं, लांबून छान दिसतो म्हणून जाते. कुणी हाक मारली की मी पूर्ण वळून बघते. तुमची आई लहानपणी मैत्रिणींना सांगायची, आमची आई तुमच्याशी बोलताना सगळी वळते, अर्धवट लक्ष देत नाही. न्हावा शेव्याच्या शिपिंग एजंटच्या ऑफिसात माझे साहेब नव्या लोकांना माझी ओळख करून द्यायचे ती अशी: या आमच्या कागदपत्रांच्या बाई, फार ताठ मानेच्या. मला ते ऐकायला आवडायचं. कुणाकडून एक चहा फुकट न घेता मी तिथे नोकरी केली होती, आणि ताठ मान ही मी मिळवलेली गोष्ट आहे असं मी धरून चालले होते.

आजोबा वातावरण हलकं करायला म्हणाले, "डॉक्टर, ती जन्मापासून ताठ मानेची आहे."

"जन्मापासून नाही, काका," डॉ. नाझनीन म्हणाल्या. "हे हळूहळू झालेलं आहे."

एक्स-रे काढला. मानेचे मणके पुढून एकमेकांना सांधले गेले होते, मेणबत्तीचं मेण ओघळून गोठावं तसे. काही लोकांत वयाबरोबर तिथे कॅल्शियम साचत जातं, म्हणाल्या, आणि दुखलं नाही तर कुणाला पत्ता लागत नाही.

मी विचारलं, "म्हणजे माझा स्वाभिमान हे कॅल्शियम होतं?"

त्यांना हसू आवरेना. आजोबांना तर अजून आवरत नाही. आल्यागेल्याला सांगतात, मी लग्नापासून म्हणत होतो की हा स्वभाव नाही, दुखणं आहे.

मागे उभा राहणारा माणूस

मग त्यांनी मला त्यांचं यंत्र दाखवलं. नाव व्हिडिओ लॅरिंगोस्कोप. तळहाताएवढा पडदा, खाली मूठ, आणि मुठीला जिभेच्या आकाराचं वाकडं पातं. पात्याच्या टोकाशी बारीक दिवा आणि कॅमेरा. जुन्या साधनात डॉक्टरांचा डोळा, तोंड आणि घसा सरळ रेषेत यावे लागतात, म्हणून मान मागे न्यायची. इथे डोळाच पुढे जातो, वळणापलीकडे, आणि काय दिसलं ते पडद्यावर दाखवतो. मान आहे तशी राहिली तरी चालते.

मी म्हटलं, "म्हणजे ट्रेलरच्या मागे माणूस उभा करायचा."

त्यांना कळलं नाही, म्हणून मी सांगितलं. तुम्हाला आठवत असेल, तुम्ही लहान असताना इथे आलात की लाकडी ट्रक घेऊन बेडरूमभर हाच खेळ खेळायचात. माझ्या ऑफिसच्या खिडकीखाली यार्ड होतं. चाळीस फुटी कंटेनर लादलेला ट्रेलर मागे घ्यायचा म्हणजे ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. मग क्लीनर मागे उभा राहतो, गाडीवर थाप मारत ओरडतो, येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास. दिवसभर माझ्या टायपिंगला तीच साथ असायची. ड्रायव्हर कितीही हुशार असो, मागे डोळा लागतोच.

"अगदी तेच," डॉ. नाझनीन म्हणाल्या. "पण काकू, एक खरं सांगते. दिसलं म्हणजे गाडी आत गेलीच असं नाही. वळण जास्त असेल तर दिसूनही नळी अडते. म्हणून मी तुम्हाला आधी झोपवणार नाही. घसा बधिर करीन, थोडं शांत वाटायचं औषध देईन, पण नळी जाईपर्यंत तुम्ही जाग्या."

मी विचारलं, जागी कशासाठी?

"तुम्ही जाग्या आहात तोवर तुमचा श्वास तुमच्या हातात आहे. मग मला घाई नाही. नाही जमलं तर मी बाहेर येईन, तुम्ही उठून घरी जाल. मागच्या वेळी डॉक्टरांकडे तो वेळ नव्हता."

भीती वाटली का? हो. जागेपणी घशात नळी, ही कल्पनाच मला नकोशी होती. पण भीतीत एक जागा सापडली होती. या वेळी मी टेबलावर पडलेला माल नव्हते. मला काम दिलं होतं.

घरातले दिवस

घरात मात्र सोपं नव्हतं. तुमच्या आईचं म्हणणं एकच, पनवेलमध्ये कशाला, मुंबईला जा. रोज फोन. ती रडायची, मग मी चिडायचे, मग आजोबा फोन घेऊन हवामानाबद्दल बोलायचे. तिचं चुकत नव्हतं. इतक्या लांबून आईची काळजी करायची म्हणजे मोठं नाव असलेलं रुग्णालय हाच एक आधार हाताशी असतो.

मी डॉ. नाझनीनना सरळ विचारलं, मुंबईला जाऊ का? त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "यंत्र तिथेही हेच आहे. तुम्ही गेलात तर मी तिथल्या डॉक्टरांना फोन करून तुमची सगळी मान समजावून सांगेन. बिल्कूल वाईट वाटणार नाही."

त्यावर मी ठरवलं. तुमच्या आईला म्हटलं, "मंजिरी, आमच्याकडे मापाबाहेरचा माल निघायचा तेव्हा आधी एक माणूस मोटरसायकलवरून सगळा रस्ता बघून यायचा. पूल किती उंच, तारा कुठे खाली लोंबतात. मग त्याच माणसाच्या मागोमाग ट्रेलर निघायचा. माझा रस्ता या बाईने बघून ठेवला आहे. मी तिच्याबरोबरच जाणार."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तू खरंच ताठ मानेची आहेस." दोघीही हसलो, आणि त्यानंतर तिने मुंबईचं नाव काढलं नाही.

आजोबा वरून निवांत दाखवत होते. एका दुपारी मी पडले होते, डोळे मिटून, आणि नाकाजवळ काहीतरी जाणवलं. बघते तर त्यांचा हात.

"अहो, आहे अजून," मी म्हटलं.

"माहितीये. हवा कुठून येते ते बघत होतो."

आणि ते पेपर घेऊन बाल्कनीत गेले. पेपर आदल्या दिवशीचा होता.

बंदरांची नावं

डॉ. नाझनीननी मला गृहपाठ दिला होता. सावकाश श्वास, खांदे सैल, जीभ बाहेर, जबडा घट्ट करायचा नाही. मी सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून करायचे. आजोबा पळीचा दांडा जिभेवर ठेवायचे. पहिल्या दिवशी मला ओकारी आली आणि ते पळी टाकून पळाले. नंतर जमायला लागलं.

पण मन कुठेतरी लावावं लागतं. देवाचं नाव घ्यावं तर ते माझं तोंडपाठ आहे, मन तेवढ्यात भटकून येतं. मला अडखळत म्हणावं लागेल असं काही हवं होतं. मग मला नोकरीत टाइप केलेली बंदरं आठवली. इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने म्हणायची, श्वास घेताना एक, सोडताना एक. अँटवर्प, बुसान, कोलंबो, डर्बन. ई अक्षराला मला बंदर आठवेना. म्हणून मी तिथे एडमंटन घातलं. तिथे समुद्र नाही हे मला ठाऊक आहे, नील, नकाशा पाठवू नकोस.

येऊ दे

त्या दिवशी सकाळी मला आत नेलं. ऑपरेशन थिएटर किती गार असतं ते सगळेच लिहितात, तेव्हा मी सोडून देते. माझ्या डोक्याशी डॉ. नाझनीन. शेजारी त्यांचा तंत्रज्ञ जनार्दन, चिरनेरचा. भिंतीशी कान-नाक-घशाचे एक डॉक्टर उभे होते आणि त्यांच्या बाजूला हिरव्या कापडाने झाकलेला ट्रे. ते कशासाठी होते ते मला आधीच सांगितलं होतं. काहीच जमलं नाही आणि श्वास अडला तर गळ्याला बाहेरून छेद द्यायला. मी त्या ट्रेकडे एकदा बघितलं आणि पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं.

जनार्दनने माझ्या बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला. म्हणाला, "आजी, आमी हाय ना. नाय जमला त थांबू. घाई कोनाला हाय?"

मला उशांवर अर्धवट बसतं ठेवलं होतं, माझ्या मानेला हवं तसं. नाकाला ऑक्सिजनची नळी. मग घशात फवारा मारला, कडूजहर. पुन्हा मारला. हळूहळू जीभ दुसऱ्याच कुणाची तरी वाटायला लागली, गिळलं की गिळलं हे कळेना. ही सगळ्यात वाईट वेळ होती. घसा बधिर झाला की मेंदूला वाटतं घसा नाहीच, आणि घसा नाही म्हणजे श्वास नाही. मी दचकून हात उचलला.

डॉ. नाझनीननी तो हात धरला आणि माझ्याच छातीवर ठेवला. "हे बघा, वर जातेय. खाली जातेय. इत्मीनानाने."

खरंच छाती वर जात होती. मी मनात सुरुवात केली. अँटवर्प. बुसान.

पातं जिभेवरून आत आलं. दुखलं नाही, पण दाब आला, जबडा आतून उचलल्यासारखा. कोलंबो. डर्बन. डोळ्यांतून पाणी आलं. घशाच्या तळाशी काहीतरी टेकलं आणि सगळं अंग म्हणालं की तोंड मीट. मी मिटलं नाही. मी एडमंटनला होते. तिथून पुढे जाता येईना म्हणून मी तिथेच थांबले आणि तुमचं बर्फाने भरलेलं अंगण, दाराशी काढून ठेवलेले चार जोड बूट, तेवढंच बघत श्वास घेतला आणि सोडला. पुन्हा घेतला.

वरून डॉ. नाझनीनचा आवाज आला, अगदी हलका. "दिसलं. मस्त उघडतंय. काकू, असाच श्वास." त्यांनी आधी एक बारीक, लवचीक काडी वळणापलीकडे सरकवली. त्या काडीवरून नळी ओवून आत सोडायची होती, आणि ते काम जनार्दनचं. त्यांचे डोळे पडद्यावर, त्याचे हात नळीवर.

आणि त्या म्हणाल्या, "येऊ दे."

मला वाटलं औषधाने भास होतोय.

"येऊ दे... येऊ दे... थांब. जरा फिरव. हां. येऊ दे, येऊ दे... बास."

मला खोकला आला, मोठा, आणि तो खोकला आवाज न होता आला. तेव्हा मला कळलं की नळी आत आहे. जनार्दन म्हणाला, "डोंगर आला, मॅडम." नळी बरोबर श्वासनलिकेत असली की माझ्या प्रत्येक उच्छ्वासाबरोबर यंत्रावर डोंगरासारखी रेघ उठते, हे मला नंतर सांगितलं. तेव्हा मी फक्त एवढंच बघितलं की भिंतीशी उभ्या असलेल्या डॉक्टरांनी हाताची घडी सोडली. मग मला झोपवलं.

पहिला शब्द

जाग आली तेव्हा नळी काढत होते. पुन्हा पडदा, पुन्हा जनार्दन, पुन्हा गार हवा. पित्ताशय निघालं होतं. सर्जन नंतर म्हणाले की ते आतून काळं पडायला लागलं होतं, पुढच्या दुखण्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. आजोबांनी खड्यांची बाटली मागून घेतली आहे. ती दिवाणखान्यात आहे. तुम्ही यायच्या आत ती हलवायचा माझा विचार आहे.

डॉ. नाझनीन वाकून म्हणाल्या, "काकू, आवाज बघू. नाव सांगा."

आवाज गेला तर, ही भीती मी कुणालाच बोलून दाखवली नव्हती. रविवारी मी तुम्हाला काय वाचून दाखवणार होते? मी ओठ हलवले. घसा खरखरला. आणि नाव सांगायचं सोडून माझ्या तोंडून निघालं, "बास."

जनार्दन इतका हसला की त्याला तोंडावरचा मास्क धरावा लागला. डॉ. नाझनीन स्टुलावर बसल्या, पहिल्यांदाच. मग त्यांनी सांगितलं. या कामाला त्या आधी इंग्रजी शब्द वापरायच्या. जनार्दनचा भाऊ ट्रेलरवर आहे, जनार्दनही पूर्वी क्लीनर होता. एकदा गडबडीत त्यांच्या तोंडून इंग्रजी शब्द बाहेर पडायच्या आत हा स्वतःच पुटपुटला, येऊ दे, येऊ दे, आणि तेव्हापासून दोघांची हीच भाषा झाली. म्हणजे मी त्यांना त्या दिवशी खोलीत ट्रेलरचं उदाहरण समजावत होते, तेव्हा त्या नुसत्या ऐकून घेत होत्या. मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीत? म्हणाल्या, तुम्ही इतकं छान सांगत होतात.

पडद्यावर

घरी जायच्या दिवशी त्यांनी मला माझं चित्रण दाखवलं. आधी गुलाबी, ओलसर भिंत. मग वळण. वळणापलीकडे दोन पांढऱ्या पट्ट्या, त्रिकोणी दारासारख्या, आणि त्या दर श्वासाला उघडत होत्या, मिटत होत्या, उघडत होत्या. शांतपणे. मी घाबरलेली होते आणि त्या मात्र घाईत नव्हत्या.

याच दोन पट्ट्यांतून मी मंजिरीला हाका मारल्या. यांतूनच साहेबांना "नाही" म्हटलं. यांतूनच तुम्हाला वाचून दाखवते. आजोबा माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांना काही विनोद सुचला नाही.

डॉ. नाझनीननी विचारलं, नाव न सांगता हे शिकाऊ डॉक्टरांना दाखवलं तर चालेल का? नळी जागेपणी घातलेली असूनही श्वास इतका संथ क्वचित मिळतो. मी सही केली. आता दर नव्या तुकडीला माझा घसा दाखवतात. सही करताना माझी मान जेवढी ताठ होती तेवढी ऑफिसातही कधी नव्हती, आणि ते सगळंच कॅल्शियम नव्हतं.

आता तुमच्यासाठी

हे मी कशासाठी लिहिलं? एक म्हणजे, रेवा, तुझ्या आईला भिंतीला पाठ लावून छताकडे बघायला सांग. आजच. दुसरं, कुठेही कुणाचंही ऑपरेशन असो, भुलीच्या डॉक्टरांशी नीट बोला. ते विचारतात, त्रास होतो का? त्यावर "नाही" म्हणून थांबू नका. काय दुखतं ते सांगाच, पण काय होत नाही तेही सांगा. तोंड किती उघडत नाही, मान किती वळत नाही, उताणं झोपवत नाही का. मला दुखत नव्हतं, म्हणून मी खरं बोलले आणि तरी काहीच सांगितलं नाही.

आणि तिसरं, माझं कार्ड. पुन्हा कधी भूल द्यायची वेळ आली तर समोरच्या डॉक्टरांना आधी कळावं म्हणून डॉ. नाझनीननी मला एक कार्ड करून दिलं. त्यावर त्यांनी इंग्रजीत सगळं नेमकं लिहिलं आहे, आणि वर तेच दोन शब्द, डिफिकल्ट एअरवे. मी म्हटलं, इंग्रजी राहू दे, ते डॉक्टरांसाठी आहे. पण बेशुद्ध असताना मला घेऊन जाणारा माणूस शेजारी असेल, रिक्षावाला असेल, म्हात्र्यांचा ड्रायव्हर असेल. त्यालाही कळायला हवं. मराठीत काय लिहायचं? त्या म्हणाल्या, "अवघड श्वासमार्ग?" जनार्दन म्हणाला, मॅडम, घाटातल्या बोर्डासारखा वाटतंय.

मग ते मी लिहिलं. आयुष्यभर हेच केलं आहे, मालाबरोबर जाणाऱ्या सूचना, कमी शब्दांत, कुणाचाही गोंधळ होणार नाही अशा. कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलं आहे. त्याची प्रत तुम्हाला पाठवते आहे, फ्रिजवर लावा. त्यावर असं आहे:

मान मागे जात नाही. रस्ता वळणाचा आहे, पण आहे. कॅमेरा आणा, मला जागं ठेवा, आणि सावकाश येऊ द्या.